ड्यूकसाहेबांचा कुत्रा

“हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही,” कॅनव्हासवरचं लेडी थॉर्नबींचं नाक सुरीने खरवडून काढत डेलाहंट म्हणाला, “पण माझ्या एका चित्रापायी एका कुत्र्याने मालक बदलला.”

लेडी थॉर्नबी चौथऱ्यावरच्या खुर्चीत ताठ बसून राहिल्या. त्यांच्या सोबतीला राहणाऱ्या मिस पिंकनी कोपऱ्यात विणत बसल्या होत्या. त्या मात्र लगेच पुढे सरकल्या.

“अगबाई! खरंच?”

“खोटं बोलून मला काय मिळणार, पिंकनीबाई?”

काय मिळायचं ते अख्ख्या लंडनला ठाऊक होतं. समोर बसलेल्या माणसाचा दगड होऊ नये म्हणून डेलाहंट तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. थापांच्या जोरावर त्याने मंत्री हसवले होते, बिशप चिडवले होते, आणि वारशात फक्त लांब नाक मिळालेल्या सरदारांच्या डोळ्यांतही ठिणगी पाडली होती. आयर्लंडमधल्या खाटकाचा हा मुलगा आता त्यांच्या पंगतीला बसायचा, त्यांच्या मुलांची लग्नं जुळवायचा. त्याचं प्रदर्शन भरलं की बाँड स्ट्रीटवर मोटारींची रीघ लागायची. पण पहिलं दार त्याला उघडलं ते लेडी थॉर्नबींनी. तेव्हा त्याच्या कोटाची कोपरं फाटलेली होती, आणि बाई हसल्या की टेबलावरच्या काचा किणकिणायच्या.

ते महायुद्धाआधीचं. त्यांचा एकुलता एक मुलगा, ॲम्ब्रोज, फ्रान्सच्या चिखलात कायमचा राहिला. त्यानंतर त्यांच्यासमोर कुणी त्याचं नाव काढत नसे.

ॲम्ब्रोज लढाईवर जाण्याआधी डेलाहंटनेच त्याचं चित्र काढलं होतं. येत्या सोमवारी उघडणाऱ्या प्रदर्शनात ते लागायचं होतं, आणि शेजारी त्याच्या आईचं. ती जागा अजून रिकामी होती. पुढे दोन्ही चित्रं थॉर्नबींच्या दिवाणखान्यात कायमची एकमेकांशेजारी राहणार होती. पहिल्या दिवशी बाई एवढंच म्हणाल्या होत्या, “पोरानं शेजारी बघितलं तर त्याला आई ओळखू आली पाहिजे. जमतंय का बघ.”

काळं रेशीम जमलं होतं. मोती जमले, हातही जमले. चेहरा मात्र रोज नाण्यावरच्या राणीसारखा यायचा आणि रोज सुरीखाली जायचा.

“तर, ब्रॅकमिअरचे ड्यूक,” डेलाहंटने रंग कालवायला घेतला. “त्यांचं उभं चित्र केलं मी, शिकारीच्या बुटांसकट. प्रदर्शनात त्यांचा स्पॅनियल शिरला तो थेट चित्रापाशी. बूट चाटले आणि पायाशी बैठक मारली. ड्यूकसाहेब शीळ घालतायत, बिस्किट दाखवतायत, हा ढिम्म! जवळ गेले तर त्यांच्यावरच गुरगुरला.”

“मग हो?”

“मग काय! पुढे चित्र, मागे कुत्रा, अशी पिकॅडिलीतून वरात काढावी लागली.”

“आणि ड्यूक?”

“ते वरातीच्या मागे. पायी.”

मिस पिंकनी हळहळल्या. चौथऱ्यावर काही हललं नाही.

“बाईसाहेब, निदान एखादी शिवी तरी द्या.”

“काम कर, डेलाहंट. हनुवटी वर हवी का खाली?”

डेलाहंट खिडकीशी गेला, उगाचच बाहेर बघून परत आला. ब्रश पुसला, पुन्हा रंगात बुडवला. मग कॅनव्हासच्या आडून, बाईंकडे न बघता म्हणाला,

“त्या कुत्र्याला आत कुणी आणलं ते सांगायचं राहिलंच. ॲम्ब्रोजने.”

विणायच्या सुया थांबल्या. चर्चमध्ये शीळ घालणाऱ्याकडे बघावं तसं मिस पिंकनींनी त्याच्याकडे बघितलं. बाईंनी त्या क्षणी उठून आपला कोट मागितला असता तर चित्रही गेलं असतं आणि इतक्या वर्षांची मैत्रीही. डेलाहंटच्या कपाळावर घाम आला होता.

बाई उठल्या नाहीत.

“ओव्हरकोटात लपवून आणला,” तो जरा घाईनेच पुढे बोलू लागला. “दारवान विचारतो, साहेब, पोटाला काय झालं? तर म्हणे, आत्याकडे जेवून आलोय. आत येऊन कुत्रा सोडला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. सगळं दालन खदखदतंय, आणि हा? हाताची घडी, चेहरा सरळ. मी विचारलं, ॲम्ब्रोज, कुणाचा रे कुत्रा? तर थंडपणे म्हणतो कसा, मला काय ठाऊक, भिंतीवरच्या ड्यूकना विचारा.”

खुर्ची करकरली.

“कसं म्हणाला?”

“थंडपणे. न हसता. एक रेष हलू दिली नाही पठ्ठ्याने.”

लेडी थॉर्नबींचा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. मान पुढे आली. गालांवर रक्त चढलं, आणि डोळे असे पेटले की मिस पिंकनींच्या मांडीवरून लोकरीचा गुंडा घरंगळत गेला. डेलाहंटने तिकडे बघितलं नाही. त्याचा ब्रश केव्हाच धावत सुटला होता.

“थापाड्या!” बाई ओरडल्या. “कुत्रा मी गिळला. वरातही गिळली. पण माझा ॲम्ब्रोज, आणि न हसता? अरे, थाप मारायची म्हटलं की आधी त्याचे कान लाल व्हायचे, मग नाक, आणि पहिला शब्द फुटायच्या आत हा पोट धरून गालिच्यावर! जन्मात एक थाप त्याला पुरती मारता आली नाही! खोटं आहे हे, डेलाहंट, साफ खोटं!”