पहिली बास्केट पडेपर्यंत

आयोवातल्या वॉलनट फोर्कच्या कॉलेजात मोसमाच्या पहिल्या बास्केटबॉल सामन्याला एक नेम आहे. आपल्या पोरींची पहिली बास्केट पडेपर्यंत कुणी बसायचं नाही, उभं राहून टाळ्या वाजवायच्या. ऑर्व्हिल टेगमायरनं एक्केचाळीस वर्षं हा नेम कधी मोडला नव्हता. यंदा मात्र गुडघा बदलून तीनच आठवडे झाले होते.

"पाच मिनिटांच्या वर उभं राहायचं नाही, डॉक्टरनं बजावलंय," बायको, व्हर्ना, आठवडाभर कानीकपाळी ओरडत होती. "तू बसलास म्हणून काही पोरी हरत नाहीत."

"गेल्या वर्षी अठरा सेकंदांत बास्केट पडली होती," तो म्हणाला. "तेवढ्यात माझा पाय गळून पडत नाही."

यंदा पोरींना काय झालं होतं देव जाणे. बॉल रिंगवर घोटाळायचा आणि बाहेर पडायचा. चार मिनिटं झाली, पाच झाली. पाहुण्यांचे अकरा, आपला भोपळा. टाळ्यांत जीव उरला नव्हता, पण बसलं कुणीच नव्हतं. ऑर्व्हिलचा गुडघा आतून पेटला होता.

पुढच्या बाकावरचा केर्मिट वळून म्हणाला, "बस रे बाबा, कोण बघतंय?"

सगळेच बघत होते.

सातव्या मिनिटाला त्यानं हाय खाल्ली. "व्हर्ना, संपलं माझं. बसतो." म्हणताना त्याला रडू येईलसं वाटलं. तो वाकणार तेवढ्यात मागून त्याचा कमरेचा पट्टा कुणीतरी घट्ट धरला.

"खबरदार," व्हर्ना म्हणाली.

"अगं, तूच आठवडाभर..."

"ते घरी. टाक भार माझ्यावर."

त्यानं टाकला. तिचा एक हात पट्ट्यात अडकलेला, म्हणून दुसऱ्या हातानं ती त्याच्याच तळहातावर टाळ्या देत राहिली. दोघांत मिळून एक टाळी वाजत होती.

अखेर पहिल्या वर्षाच्या एका किडकिडीत पोरीनं लांबून बॉल भिरकावला आणि तो रिंगमधून खाली आला. एकच गलका झाला आणि अख्खी गॅलरी धपकन बसली. पाय लांब करून ऑर्व्हिलही बसला.

व्हर्ना उभीच.

"आता बस की, म्हातारे. मागचे ओरडतील."

"बसते रे," ती हळूच म्हणाली. "कंबर धरलीय. वाकताच येईना."

ऑर्व्हिलनं खालून दोन्ही हात वर केले. "ये," तो म्हणाला. "टाक भार."