बारा घरांची तसबीर

मला पाय नाहीत, पण या डोंगरावर माझ्याइतके दुसरे कुणी हिंडले नसेल. मी लाकडी तसबीर आहे, मित्रांनो. वयाने जुनी, धुराने काळवंडलेली. माझ्या दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटतात. एका फळीवर मांडीवर बाळ घेतलेली मरियम आहे. दुसरीवर पांढऱ्या घोड्यावर बसलेला संत गियोर्गिस आहे आणि घोड्याच्या टापांखाली अजगर. सध्या मी देवळाच्या कोठीत एका पेटीत पडून आहे. पेटीला कुलूप आहे आणि किल्ली आबा किन्फे या आमच्या धर्मगुरूंच्या गळ्यात.

मला घडवले इंगिदा नावाच्या चिताऱ्याने. त्याच्या बायकोला, वुबितला, मुलगी झाली. आमच्याकडे मुलगी झाली की बाळंतिणीने ऐंशी दिवस देवळात पाऊल टाकायचे नाही. वुबितला ताप चढला. देवळाच्या भिंतीवर तिच्याच नवऱ्याने रंगवलेली मरियम होती, ती एकदा डोळे भरून पाहू द्या, एवढेच ती मागत होती. पन्नासाव्या दिवशी ती गेली. देऊळ हाकेच्या अंतरावर होते.

इंगिदाने कितीतरी दिवस कुंचल्याला हात लावला नाही. मग एके सकाळी त्याने दोन फळ्या तासल्या. त्यांवर कापड चिकटवले, खडूचा थर दिला, कातडी उकळून सरस केला आणि त्यात रंग कालवले. माझे काम चालू असेपर्यंत तो दिवसातून एकदाच जेवत असे. आमच्या चिताऱ्यांची एक रीत आहे. भल्या माणसाचे दोन्ही डोळे काढायचे, दुष्टाचा एकच. म्हणून माझ्या अजगराला एक डोळा आहे आणि मरियमला दोन, मोठे आणि काळेभोर. ते काढताना इंगिदा रडत होता, हे मी पाहिले आहे.

काम झाल्यावर त्याने मला देवळात द्यायचे सोडून मरियमच्या महिबरला दिले. महिबर म्हणजे बारा घरांचे मंडळ. दर महिन्याच्या एकवीस तारखेला सगळे एका घरी जमतात, प्रार्थना करतात, पाव आणि घरी आंबवलेले तल्ला नावाचे पेय घेतात आणि मातीचा पवित्र प्याला पुढच्या घराकडे सोपवतात. प्याल्याबरोबर ही तसबीरही जाईल आणि महिनाभर त्या घरी राहील, असे इंगिदाने सांगितले.

तेव्हाचे धर्मगुरू चिडले. "देवाच्या आईला दारोदार हिंडवणार तू? चुलीपाशी, गुरांपाशी?"

"राजाच्या भीतीने बाळाला घेऊन ती मिसर देशात पळाली, तेव्हा कुणाच्या तरी चुलीपाशीच बसली असेल ना?" इंगिदा म्हणाला. "जी माणसं देवळात येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे तिला जाऊ द्या. एवढंच माझं मागणं."

असा माझा फिरता संसार सुरू झाला. फार सुखाची वर्षे होती ती. बाळंतिणी मला उशाशी घेत. म्हातारे मला कपाळाला लावत आणि त्यांनी डोक्याला चोळलेले लोणी मला लागे. मुले घोड्याच्या शेपटीला हात पुसत. चुलीच्या धुराने माझे सोनेरी काठ काळे पडले, पण माझी तक्रार नव्हती. ज्या घरी मी असे, तिथे भांडणही जरा हळू आवाजात होई.

मग मुलुनेशच्या घरी ती गोष्ट घडली. मुलुनेश मनाने सोन्यासारखी बाई, पण घायकुती. तिचा मुलगा तापाने फणफणला होता. तिने मरियमच्या चेहऱ्यावरून तीर्थ ओतले, ते वाटीत धरले आणि मुलाला पाजले. चौथ्या दिवशी मुलगा अंगणात खेळू लागला. झाले! त्यानंतर प्रत्येक घरात कुणी ना कुणी आजारी निघाले. कधी खोकला, कधी सांधेदुखी, एकदा तर गाय आटली म्हणून. माझे रंग सरसातले आहेत, मित्रांनो. पाण्याने ते सुटतात. दर वाटीबरोबर माझा थोडा थोडा रंग कुणाच्या तरी पोटात जात होता. मला ते कळत होते आणि ओरडायला तोंड नव्हते. खरे सांगू? तोंड असते, तरी मी आईसमोर बसलेल्या आजारी पोराला नाही म्हटले असते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

फक्त एका घरी माझ्यावर कधी पाणी पडले नाही. ते त्सिगेचे घर. वुबित जिच्या वेळच्या बाळंतपणात गेली, तीच ही मुलगी. आता म्हातारी झाली आहे. ती मला कोरड्या कापसाने पुसायची आणि समोर बसून दिवसभराच्या गोष्टी सांगायची. तिला आईचा चेहरा आठवत नव्हता. माझ्याकडे पाहूनच ती आईशी बोलत असे. दोन वर्षांपूर्वी तिचे पाय गेले. देवळाची चढण तिला संपली. आता वर्षातून एक महिना मी घरी येणार, त्यावरच तिचा जीव अडकलेला असे.

यंदा त्सिगेची पाळी दोन महिन्यांवर आली होती आणि मरियमचा डावा डोळा गेला. पुसट होता, तो शेवटच्या वाटीत पार धुऊन निघाला.

आबा किन्फे यांनी मला उजेडात धरले. "अजगराला एक डोळा आणि मरियमलाही एक? पोरं काय समजतील? ही आता बाहेर जायची नाही. सणाआधीचा मोठा उपास संपला की शहरातून चितारी येईल, डोळा काढून देईल, मग बघू."

"आबा, चूक माझी आहे. तीर्थ पहिल्यांदा मी ओतलं," मुलुनेश म्हणाली. "पण शिक्षा त्सिगे आजीला कशाला? तिचा निरोप आहे. म्हणाली, माझ्या तोंडात एकच दात उरलाय, म्हणून मला कुणी सैतान म्हणत नाही."

"आजीच्या दाताची कुणी पूजा करत नाही, मुलुनेश."

"हसण्यावारी नेऊ नका. ती रोज विचारते."

"मी हसतोय का? अजून एक वर्ष तुमच्या हाती राहिली तर बाळाचाही चेहरा जाईल. मग तुमच्या नातवंडांना काय दाखवू, कोरी फळी?"

आबा खोटे बोलत नव्हते. म्हणून तर माझी फार पंचाईत झाली. मला मारणारे हात प्रेमाचे होते आणि मला कोंडणारे हातही प्रेमाचेच. मी कुणावर रागावू?

उपास संपला. चितारी आला नाही. त्याने निरोप पाठवला की पाऊस ओसरल्यावर येतो. एकवीस तारीख आली. त्सिगेच्या घरी प्याला गेला, मी नाही गेले. मुलुनेश दुसऱ्या दिवशी कोठीच्या दाराशी येऊन आबांना सांगत होती, ते मी पेटीतून ऐकले. त्सिगेने स्टुलावर धुतलेले पांढरे फडके अंथरले होते. जेवणे झाली, माणसे गेली, तरी तिने ते उचलू दिले नाही. "उशीर झाला असेल, चढ फार आहे," असे म्हणत होती. आबांच्या गळ्यातल्या किल्लीचा आवाज झाला, म्हणून मी आशेने वाट पाहिली. त्यांनी ती फक्त चाचपली असावी.

नऊ दिवसांनी घंटा वाजली. चौघांनी त्सिगेला देवळाच्या आवारात आणले. पाय गेल्यापासून ती पहिल्यांदाच ही चढण चढली होती, तीही दुसऱ्यांच्या खांद्यावर. बायका रडत होत्या. तेवढ्यात कोठीचे दार उघडले, कुलूप निघाले आणि आबा किन्फे यांनी मला बाहेर काढले. ते घाईघाईने चालत गेले. पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या त्सिगेच्या छातीवर त्यांनी मला उघडून ठेवले.

"घे, बाई," आबा म्हणाले. "तुझी पाळी."

मुलुनेश शेजारीच उभी होती. "आता कशाला, आबा?" ती हळूच म्हणाली. "तिचे डोळे सकाळी मीच मिटले."

आबांनी प्रार्थना सुरू केली. ती संपेपर्यंत मी तिथे होते. नंतर त्यांनी मला पुसून पुन्हा पेटीत ठेवले, कारण चितारी अजून यायचा आहे.

मित्रांनो, मला जपायचे असेल तर माझ्यावर पाणी ओतू नका, कोरड्या कापसाने पुसा, लोणी लावलेले कपाळ जरा लांब ठेवा. एवढे पुरेसे आहे. या आवाराच्या भिंतीबाहेर अजून किती माणसे अंथरुणाला खिळून असतील, ते मला पेटीतून दिसत नाही. डोळा काय, मागाहून रंगवता येईल. आधी मला कुणाच्या तरी घरी घेऊन चला.