दाराची आतली बाजू

बाहेरगावचे लोक आमच्याकडे जाहिराती करायला येतात, त्याला आता बावीस वर्षं झाली. ते कॅमेरा आणतात, दिग्दर्शक आणतात आणि खुर्चीत बसून नाक मुरडायला कंपनीची माणसं आणतात. बाकीचं सगळं आम्ही देतो. घर, रस्ता, दिवे, कपडे, जेवण, गर्दी, परवानग्या. जाताना ते आमचे आभार मानतात आणि आभार मानताना नावं चुकवतात.

आमची अठरा माणसं. मी आणि माझी बायको मिळून हा कारभार चालवत होतो. मी बाहेरचं बघायचो, ती घरं बघायची, म्हणजे शूटिंगसाठी घेतलेली लोकांची घरं. तिचा एक नियम होता. काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक फळीचे फोटो काढायचे. काम संपलं की फोटो बघून वस्तू जागच्या जागी ठेवायच्या आणि घर होतं त्याहून स्वच्छ करून परत द्यायचं. मग घरमालकाला खोल्यांमधून फिरवायचं आणि कागदावर सही घ्यायची. एकदा घर दिलेले लोक आम्हाला दुसऱ्यांदाही घर द्यायचे ते यामुळेच. सात महिन्यांपूर्वी ती गेली. नियम तेवढा राहिला.

त्या खेपेला एका फोन कंपनीची जाहिरात होती. बायको वारलेला एकटा म्हातारा, परदेशातला मुलगा, फोनच्या पडद्यावर दोघांची भेट, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी, संपलं. ठरलेल्या घराच्या मालकिणीने आदल्या दिवशी दुपारी नकार कळवला, नवरा आजारी पडला म्हणून. त्यांचा प्रॉडक्शनवाला, जो घरातसुद्धा टोपी काढत नाही, तो माझ्यासमोर पाय आपटत उभा राहिला. शूटिंग रद्द झालं तर पुन्हा या गावात पाऊल ठेवणार नाही, म्हणाला. मी धावतपळत दोन घरं दाखवली. एक दिग्दर्शकाला फार सुखी वाटलं. दुसरं फार गुलाबी. शेवटी आमच्या दिवेवाल्याने मला बाजूला घेतलं. त्याला आम्ही बारक्या म्हणतो, कारण तो दारातून आडवा होऊन आत येतो. दादा, तुमचं घर आहे की, तो हळूच म्हणाला.

मी हो म्हटलं. अठरा माणसांचं काम बुडत होतं. ती असती तर तिनेही हो म्हटलं असतं आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पडदे काढायला लागली असती.

मला भीती एकाच गोष्टीची होती. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक लाकडी कपाट आहे, सायीच्या रंगाच्या ऑइलपेंटचं. त्याच्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला ती पेन्सिलीने लिहायची. वही तिला वेळेवर कधी सापडली नाही, दार मात्र नेहमी सापडायचं. गॅसची टाकी कधी लावली, कोणाचा चहा बिनसाखरेचा, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुठल्या घराची किल्ली कोणाकडे आहे. खालच्या भागात गोळ्यांच्या वेळा. तिथे अक्षर उतरत गेलं होतं. सगळ्यात खाली ‘टाकी लावली’ आणि तारीख, ती जायच्या अकरा दिवस आधीची. त्यानंतर मी दोन टाक्या लावल्या, पण तारीख लिहिली नाही. तिच्या हातचं लिहिलेलं घरात दुसरं काही नव्हतं. आम्ही एकमेकांना पत्रं कधी लिहिली नाहीत. एकाच घरात राहत होतो, लिहायचं कशाला.

म्हणून मी ते दार रुंद चिकटपट्टीने बंद केलं आणि पट्टीवर मोठ्या अक्षरांत ‘उघडू नये’ असं लिहिलं.

सकाळी सात वाजता मंडळी आली. दिग्दर्शक तिशीचा असेल. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तो माझं घर बघत फिरला, जणू साध्या डोळ्यांनी बघणं त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मग म्हणाला, घर छान आहे, पण खरं वाटत नाही. मी त्या घरात एकोणीस वर्षं राहतोय. त्यांच्या सजावटीच्या माणसांनी ते खरं करायला घेतलं. चांगले पडदे काढून फाटके लावले. चालू वर्षाचं कॅलेंडर काढून सहा वर्षांपूर्वीचं लावलं. मातकट पूड आणली होती, ती फरश्यांवर, भिंतीवर, कपाटांवर ब्रशने मारली. एकटा माणूस पुसत नाही ना काही, असं त्यातली एक मुलगी मला समजावून सांगत होती. मी त्याच सकाळी पाच वाजता सगळा ओटा पुसला होता.

म्हाताऱ्याचं काम करणारा नट माझ्याहून चार वर्षांनी लहान होता. त्याचे काळे केस पांढरे करायला पाऊण तास लागला. माझे मुळातच पांढरे केस बघून कोणाला काही सुचलं नाही. कंपनीची बाई काळा चष्मा डोक्यावर ठेवून कॅमेऱ्याला जोडलेल्या पडद्यात बघत होती. तिचं म्हणणं, दुःख हवं, पण जरा उजळ हवं. यावर चार शहाणी माणसं वीस मिनिटं बोलत होती.

मग चहाचा प्रसंग. दिग्दर्शकाने नटाला शिकवलं की बायको गेलेला माणूस सवयीने दोन कप काढतो आणि मग एक परत ठेवतो. नटाने मान डोलवली. मला कोणीतरी पुढे ढकललं असावं, कारण दिग्दर्शकाने मला विचारलं, काका, असंच असतं ना.

“नाही,” मी म्हटलं.

“मग कसं असतं?”

“एका कपाचं भांडं नसतं घरात. मोठ्या भांड्यात एक कप चहा केला की करपतो. बाकी काही नाही.”

तो म्हणाला, वा, हे खूपच आतलं आहे. आणि नटाला दोन कप काढायला लावले, आठ वेळा.

तेवढ्यात शेजारच्या बांधकामावर भिंत फोडायचं यंत्र सुरू झालं. टोपीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी गेलो, मुकादमाला गाठलं, हातापाया पडून दोन तास काम थांबवायला लावलं. परत आलो तेव्हा चिकटपट्टी निघालेली होती. ती तशीच्या तशी त्यांनी एका पेटीवर चिकटवली होती, ‘उघडू नये’ वर करून, आणि पेटी उघडी होती. कपाटाचं डावं दार सताड उघडं. त्याच्या पुढ्यात नट उभा. दिग्दर्शकाला सुचलं होतं म्हणे, एकट्या माणसाचं कपाट उघडंच राहतं. आणि आतली बाजू दिसणार म्हणून आतूनही पूड मारली होती.

कॅमेरा चालू होता, म्हणून मी तोंड उघडलं नाही. बावीस वर्षांची सवय, घर पेटलं तरी ‘कट’ झाल्यावरच ओरडायचं. थांबल्यावर जवळ जाऊन बघितलं. पुडीखाली अक्षरं होती. पूड कोरडी होती. मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडली तर निघेल, काम संपलं की मीच झाडीन, असं ठरवलं. माझा जीव भांड्यात पडला.

साडेतीनला संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या. दिवसभर चहा पिणाऱ्या माणसाचं शूटिंग केल्यावर इतका आनंद कसा होतो ते मला कधी कळलेलं नाही. त्यांच्या तीन गाड्या बोळात अडकल्या होत्या. तोंडाशी कोणीतरी वाळू उतरवत होतं. गाड्या मागे घेऊन, वळवून, रस्त्याला लावेपर्यंत पाऊण तास गेला.

घरात आलो तर स्वयंपाकघर लखलखत होतं.

आमच्या कपडेवाल्या मावशी पदर खोचून उभ्या होत्या. सोबत दोघीजणी, साबणाच्या पाण्याची बादली, ओली फडकी. फरश्या धुतलेल्या, डबे फोटोप्रमाणे ओळीत, माझे पडदे परत जागेवर. कपाटाचं दार आतून बाहेरून धुतलेलं. तो सायीचा रंग इतका उजळ मी घर घेतलं तेव्हाही बघितला नव्हता.

“त्या मेल्यांनी आतूनसुद्धा माखलं होतं,” मावशी म्हणाल्या. “दोनदा साबण लावला, तेव्हा निघालं. वहिनींचं घर आहे, म्हटलं, इथे कसर ठेवायची नाही.”

बारक्या फोन घेऊन आला आणि नेहमीसारखं म्हणाला, चला, दाखवतो. घरमालकाला फिरवायचं असतं. त्याने मला माझंच घर दाखवलं. हा फोटो, ही फळी. हा फोटो, हे घड्याळ. कपाटाचा फोटो आला, त्यात दार बंद, त्यावर माझी चिकटपट्टी. आतला फोटो नव्हता. लोकांच्या घरातल्या चपलांच्या फळ्यांचेसुद्धा फोटो आम्ही काढले, आणि या दाराचा कोणी काढला नव्हता, कारण मीच ते बंद केलं होतं. सात महिन्यांत मलाही सुचलं नव्हतं.

“दादा, काही चुकलं का?” बारक्याने विचारलं.

“तिथे तिचं लिहिलेलं होतं.”

मावशींच्या हातातलं फडकं खाली आलं. “कुठे?”

“दारावर. आतून.”

मावशी एकदम चिडून बोलल्या, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. “मग सांगायचं नाही का? त्यांच्यासाठी पाटी लावली, आणि आम्हाला एका शब्दाने नाही? आम्ही काय परके?”

दिवसभर मी त्या बाहेरच्या लोकांना मनातल्या मनात सोलत होतो. आंधळे, बिनडोक, दुसऱ्याच्या घरात कसं वागावं ते न कळणारे. त्यांनी पूड मारली होती, पूड निघाली असती. मी परक्यांना बजावलं आणि आपल्यांना गृहीत धरलं. शिवाय, खरं सांगायचं तर, मी टाकीच्या तारखा जपून ठेवल्यात हे कोणाला कळू नये, एवढीही माझी मिजास होती.

“मलाच लाज वाटली सांगायला,” मी म्हटलं. “तुमची चूक नाही.”

“आहे तर,” मावशी म्हणाल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

टोपीवाला कागद घेऊन आत आला. घर जसं होतं तसं परत मिळालं, खाली सही. मी असा कागद शेकडो लोकांपुढे धरलाय. कोणी तक्रार केली की बाहेर येऊन त्यांना हसलोही आहे. एका म्हातारीने खुर्ची दोन बोटं सरकली म्हणून सही अडवली होती. तिला तर आम्ही वर्षभर हसलो.

कागदावर नुकसानीसाठी दोन ओळी असतात, काय आणि कोणाकडून. पहिलीवर मी लिहिलं, स्वयंपाकघरातल्या कपाटाचं डावं दार, आतली बाजू पुसली गेली. दुसरीवर लिहिलं, घरमालक. मग सही केली.

टोपीवाल्याने ते वाचलं. कपाटाशी जाऊन दार बघून आला. “दार स्वच्छ झालं, ही तक्रार आहे?”

“हो.”

मी चेष्टा करतोय का ते ठरवायला त्याने बारक्याकडे बघितलं. बारक्या चेष्टा करणाऱ्यांपैकी दिसत नव्हता. टोपीवाल्याने कागद घडी करून खिशात टाकला, माझे आभार मानले, नाव चुकवलं आणि गेला.

मावशी अजून ओट्याशीच होत्या. तिथे काय काय लिहिलं होतं, त्यांनी विचारलं. मी वरून सांगायला लागलो. पहिली टाकी, दुसरी टाकी. मग बारक्याचा बिनसाखरेचा चहा. मग एका किल्लीचं काहीतरी होतं. कुठल्या घराची ते आठवेना.