चष्मेवाल्याच्या विमानाचे इंजिन

जेवणाच्या टेबलावर चार सिलिंडर, चार पिस्टन, आठ झडपा आणि त्या झडपा उघडणाऱ्या आठ सळ्या होत्या. माझ्या कवचाचे दोन भाग खाली जुन्या चादरीवर उताणे पडले होते. पिस्टनची मागेपुढे धाव गोल फिरवणारा जाड दांडा, ज्याला क्रँक म्हणतात, तो खिडकीपाशी कापडात गुंडाळून ठेवला होता. नटबोल्ट चष्म्याच्या एकोणीस रिकाम्या डब्यांत होते आणि कुठले नट कुठे बसतात ते प्रत्येक डबीवर लिहिले होते. विसाव्या डबीत मात्र खराच चष्मा निघाला. ज्या गिऱ्हाइकाचा तो होता, ते बिचारे त्यासाठी दुकानात हेलपाटे घालत होते.

मित्रांनो, या सगळ्याची बेरीज म्हणजे मी. एका जुन्या मोटारगाडीचे इंजिन. आयुष्यभर मी झाकणाखाली राहिले होते. त्या दिवशी स्वतःला असे सुटे सुटे पाहून मला ओशाळल्यासारखे झाले.

माझा जन्म ओतशाळेतला. हलक्या धातूचा रस साच्यात ओतून माझे कवच केले गेले. माझे सिलिंडर उभे नाहीत; दोन उजवीकडे आणि दोन डावीकडे असे आडवे आहेत. मला थंड ठेवायला पाणी लागत नाही, वारा पुरतो. त्यामुळे मी वजनाला हलके आहे, आणि त्यामुळेच पुढे कोणाला तरी मला आभाळात न्यावेसे वाटले.

माझा पहिला मालक जमिनींची मोजणी करणारा होता. मागच्या सीटवर त्याची तिपाई, रंगीत पट्ट्यांच्या काठ्या आणि चिखलाचे बूट असत. चढ लागला की तो गाडीला म्हणायचा, "चल गं बाई, एवढा चढ तेवढा काढ. पुढे उतारच आहे." आणि खरेच पुढे उतार असे. चढावर मी सगळा जोर लावत असे आणि उतारावर दम खात असे. चढाइतकाच उतार मिळतो, जगाची रीतच तशी आहे, असे मला वाटे. मोजणीदार चारचौघांत माझे कौतुक करी. "माझी बायको रुसते, पण हे इंजिन कधी रुसलं नाही," असे तो म्हणे. तेव्हा बायको जवळच उभी असे आणि रुसे.

पुढे मोजणीदाराचे गुडघे गेले. गाडी भिंतीला लावून ठेवली गेली. आज चालवू, उद्या चालवू म्हणता म्हणता टायर बसले. सीटमधला काथ्या ओढून आणून एका उंदरिणीने माझ्या वाऱ्याच्या वाटेत घर केले. मालक वारल्यावर घरच्यांनी गाडी भंगारवाल्याला दिली. इतकी वर्षे ज्यांना मी दारापर्यंत पोहोचवले, त्यांच्यापैकी निरोप द्यायला कोणी बाहेर आले नाही.

भंगारातून मला सोडवले ते एका गॅरेजवाल्याने. हा गॅरेजवाला म्हणजे चष्मेवाल्याचा मेव्हणा. लहानपणापासून दिसेल ती वस्तू ठोकून पाहायची त्याला सवय, म्हणून बहीण त्याला ठोक्या म्हणे. त्याने माझ्यावर दोनदा ठोकले, कान लावला आणि फोन केला, "भावोजी, तुमचं इंजिन सापडलं. आत उंदीर आहेत, पण जीव आहे."

चष्मेवाला म्हणजे चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा माणूस. त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक विमान होते. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वर ताणलेले कापड आणि आत एकाच माणसापुरती जागा. ते त्याने स्वतः बांधले होते. पंख बाहेरच्या खोलीत तयार झाले होते, आणि ते काढताना खिडकी चौकटीसकट उखडावी लागली होती.

"लोकांच्या घरात सोफा असतो, आमच्याकडे पंख होता," बायको भावाला सांगत होती. "पाहुणे आले की मी आधी म्हणायचे, डोकं सांभाळा. आता पंख गेला तर तुझं हे धूड आलं जेवणाच्या टेबलावर. आम्ही ओट्यापाशी उभ्यानं जेवतो, घोड्यांसारखे."

"ताई, घोडे बसून जेवतच नाहीत."

"मग तूही जेवू नकोस. ऊठ."

पण टेबल रिकामे करा, असे ती एकदाही म्हणाली नाही. घाई कसली आहे हे तिला ठाऊक होते. चष्मेवाल्याच्या उजव्या डोळ्याचे मधले दिसणे अंधूक होत चालले होते. दुकानात स्वतःचाच डोळा तपासताना त्यालाच ते कळले. त्याच्याकडे विमान चालवायचा परवाना होता, पण ठरावीक काळाने डॉक्टरांकडे तपासणी करून तो टिकवावा लागे.

"आज मी नियमात बसतो," तो बायकोला आणि मेव्हण्याला म्हणाला. "पुढच्या तपासणीला बसेन असं वाटत नाही. त्याआधी एकदा वर जाऊन यायचंय. मी बांधलेल्या विमानातून. एकदाच."

मित्रांनो, त्या दिवसापासून त्याचे ते 'एकदाच' माझ्यावर अवलंबून होते.

कामाला सुरुवात झाली. उंदरिणीचे घर निघाले. गाडीचा क्लच आणि जड चाक काढून टाकले. क्रँकच्या टोकाला लाकडी पंखा बसवण्यासाठी नवा तुंबा, म्हणजे मधला गोल ठोकळा, केला. सिलिंडर घासून आतून आरशासारखे झाले. मग आल्या रिंगा.

प्रत्येक पिस्टनभोवती लोखंडाच्या तीन बारीक रिंगा असतात, त्या जळणारा वायू निसटू देत नाहीत. प्रत्येक रिंग एका जागी कापलेली असते. सिलिंडरमध्ये बसल्यावर कापलेल्या दोन टोकांमध्ये छोटी फट उरते.

"फट किती ठेवायची?" चष्मेवाल्याने विचारले.

"गाडीला ठेवतो तेवढी. पॉइंट पस्तीस, चाळीस मिलिमीटर."

"म्हणजे उजेड दिसणार?"

"दिसेल की. दिसू दे."

"माझ्याकडे काच आणि फ्रेमच्या मध्ये उजेड दिसला तर गिऱ्हाईक चष्मा तोंडावर मारेल."

त्याने किंचित मोठ्या रिंगा मागवल्या आणि काचा घासायच्या बारीक कानशीने प्रत्येकीची टोके स्वतः घासली. घासायचे, सिलिंडरमध्ये ठेवायचे, मागे बॅटरी धरायची आणि डाव्या डोळ्याने पाहायचे. बाराही रिंगा अशा बसल्या की मागचा उजेड केसाएवढ्या रेघेतूनच दिसावा. गॅरेजवाल्याने फिलर गेजचे, म्हणजे फट मोजायच्या पोलादी पात्यांमधले, एक पातळ पाते घालून पाहिले. ते अडकले.

"भावोजी, जरा जास्तच घट्ट झालंय."

"सैल ठेवलं तर शक्ती गळेल ना?"

"गळेल थोडी."

"मग?"

गॅरेजवाल्याने ती रिंग बोटावर फिरवून पाहिली. इतके नितळ काम त्याच्या गॅरेजात कधी झाले नव्हते. "हात आहेत की काय आहेत तुमचे!" तो म्हणाला. "असू दे. पहिल्यांदा जपून चालवू."

मित्रांनो, दोघेही आपापल्या धंद्यात हुशार होते. काचेच्या धंद्यात फट म्हणजे चूक. गाडीच्या धंद्यात थोडी कमी फट खपून जाते, कारण चढ संपला की उतार येतो आणि इंजिन निवते. विमान वर चढताना मात्र पूर्ण जोर सुटतच नाही. तिथे मधे उतार नसतो. लोखंड तापले की वाढते, आणि वाढलेल्या लोखंडाला जागा लागते.

मला जोडून विमानाच्या नाकावर बसवले गेले. थोडे थोडे चालवून त्यांनी मला रुळवले. मग एका सकाळी विमान शेडबाहेर काढले, चाकांना विटा लावल्या, शेपूट दोराने खांबाला बांधले. आज पूर्ण जोर लावून पाहायचा होता. चष्मेवाला आत बसला. बायको मोबाइल धरून बाजूला उभी राहिली. "हसा तरी," ती ओरडली. तो खरेच हसला.

त्याने मला पूर्ण मोकळे सोडले. गवत आडवे झाले, शेडचे पत्रे थरथरले. इतका वेळ सलग जोर मी आयुष्यात कधी लावला नव्हता. गॅरेजवाल्याने अंगठा वर केला. मी तापत गेले. रिंगा वाढत गेल्या. तिसऱ्या सिलिंडरमध्ये एका रिंगेची दोन टोके एकमेकांना भिडली आणि तरी ती वाढतच राहिली. पुढे जागा नव्हती, म्हणून ती भिंतीत घुसली.

निळा धूर आला. एक कर्कश ओरखडा ऐकू आला आणि मी हिसका देऊन थांबले. लाकडी पंखा जागच्या जागी उभा राहिला. बायकोने मोबाइल खाली घेतला.

सिलिंडर उघडल्यावर आत मांजराने नखे मारावीत तसे उभे ओरखडे दिसले. चष्मेवाल्याने तुटकी रिंग डाव्या डोळ्याजवळ धरली. कापलेली दोन्ही टोके घासून चकचकीत झाली होती.

"भिडली," तो म्हणाला.

"मी तेव्हाच अडवायला पाहिजे होतं, भावोजी."

"तू सांगितलंस. मला उजेड दिसत होता ना, तो खुपत होता."

माझ्यासारखी इंजिने आता बनत नाहीत. नवे सिलिंडर मिळायला फार वेळ लागला. ते वाटेत असतानाच तपासणीची तारीख आली. आदल्या दिवशी गॅरेजवाला शेडमध्ये येऊन हळूच म्हणाला, "भावोजी, कशाला घाबरता? तो अक्षरांचा तक्ता तुमच्याच दुकानात लावलाय. तुम्हाला झोपेतसुद्धा पाठ आहे. घडाघडा म्हणा आणि या."

चष्मेवाल्याने शेडचा दिवा मालवला आणि कडी लावली.

दुसऱ्या दिवशी तो तपासणीहून थेट शेडमध्येच आला. इस्त्रीचा शर्ट तसाच अंगावर होता. मागोमाग बायको आणि तिचा भाऊ आले.

"काय झालं?" बायकोने विचारले.

"पाचव्या ओळीला थांबलो."

"थांबलात?" गॅरेजवाला जवळजवळ ओरडला. "अहो, पुढच्या ओळी येत होत्या ना तुम्हाला?"

"येत होत्या. म्हणून तर थांबलो. दिसतंय कुठपर्यंत आणि आठवतंय कुठपासून, ते डॉक्टरला कळलं नसतं. मला कळत होतं."

मग गॅरेजवाला म्हणाला, "दुसरा कोणी उडवील. विमानांच्या क्लबात आहेत की पोरं."

"जे मी आधी स्वतः उडवून पाहिलेलं नाही, त्यात दुसऱ्याचं पोर कसं बसवू?"

बायकोने त्याच्या खिशाला अडकवलेला चष्मा काढून पदराने पुसला आणि परत तिथेच अडकवला. "जेवून घ्या," ती म्हणाली.

नवे सिलिंडर आले आणि खोक्यातच राहिले. मी उघडे पडून होते. पावसाळी हवेने क्रँकवर तांबूस डाग धरले. चष्मेवाला शेडमध्ये यायचा, विमानावरची धूळ झटकायचा आणि माझ्याकडे न पाहता परत जायचा. मोजणीदाराच्या भिंतीपाशी मी बेवारस होते. इथे माझा माणूस रोज समोर येत होता, आणि ते जास्त जड होते.

एके दिवशी बायकोने आपणहून जेवणाचे टेबल पुसले आणि भावाला बोलावून मला त्यावर ठेवायला लावले. "निदान जोडून तरी टाका याला," ती नवऱ्याला म्हणाली. "पोट फाडून ठेवलेलं मला बघवत नाही."

"कशासाठी जोडायचं?"

"ते मला नका विचारू. मी काय इंजिनीअर आहे?"

आता डाव्या डोळ्यानेही त्याला बारीक फट नीट दिसत नव्हती. म्हणून तो नव्या रिंगांची टोके कानशीने घासायचा आणि ती पाते घालून मोजायची. "अजून," ती म्हणायची. "अजून. थांबा. पॉइंट पन्नास." गॅरेजवाला परत तपासायचा आणि मान हलवायचा. बॅटरी मागे धरली की प्रत्येक फटीतून उजेड स्वच्छ दिसे. चष्मेवाल्याला तेवढा दिसायचा.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी यंत्र असेल. त्याला नुसते झाकून जपू नका, अधूनमधून चालवत जा. आमचा गंज बंद पडल्यावरच सुरू होतो. आणि त्याला एका कामावरून काढून दुसऱ्या कामाला लावाल, तेव्हा नवे काम किती तापवणारे आहे ते आधी पाहा. वाढायला जागा ठेवा. थोडी शक्ती गळाली तरी चालते.

मग पुन्हा एका सकाळी विमान बाहेर आले. चाकांच्या विटा या वेळी काढल्या, कारण माझी ओढ मोजायची होती. गॅरेजवाल्याने धान्याची पोती तोलायचा मोठा लटकता काटा आणला. त्याचे एक टोक खांबाला आणि दुसरे विमानाच्या शेपटाच्या दोराला जोडले. त्या विमानाला जमीन सोडायला निदान एकशे पाच किलोंची ओढ हवी, असे चष्मेवाल्याने पूर्वीच काढून ठेवले होते. दोराने जखडलेल्या विमानात बसायला परवाना लागत नाही. तो आत बसला. बायको काट्यापाशी वाकून उभी राहिली.

त्याने मला पूर्ण मोकळे सोडले. दोर ताठ झाला. मी तापले, रिंगा वाढल्या, टोके जवळ आली आणि भिडली नाहीत. पहिल्या वेळी मी जिथे थांबले होते, तो क्षण मागे गेला. त्यानंतरही तेवढाच वेळ गेला. पंख्याचा वारा त्याच्या तोंडावर येत होता.

"किती?" त्याने आतून ओरडून विचारले.

बायकोने पुन्हा एकदा नीट पाहिले. काटा एकशे चौदा किलोंवर स्थिर होता.