मॉलीच्या वेलाला मी घातलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना इनॅमलचा मग आहे. पांढरा, निळ्या काठाचा. कानापाशी टवका उडाला आहे, तिथे गंज दिसतो. माझ्याकडून एक चूक झाली आहे. ती सांगायलाच मी आज बोलतो आहे.

रेमंडने मला भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून आणलं. त्याचं आणि मॉलीचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. डोंगरी नावाचं आपलं गाव सोडून दोघं इथल्या सोसायटीत राहायला आले होते. वीस-बावीस वर्षं मी त्याच्या चहाचा मग होतो. टवका उडाल्यावर त्याने मला टाकायला काढलं. मॉलीने उचललं आणि झाडांच्या पाण्यासाठी ठेवलं. चहापेक्षा ते काम मला आवडलं.

त्यांच्या मुलीच्या, जेनेलच्या लग्नात तिच्या हातातल्या गुच्छात आयव्ही नावाच्या वेलाच्या डहाळ्या खोवल्या होत्या. गुच्छ सुकला, पण एक डहाळी हिरवी राहिली. मॉलीने ती बाटलीत पाण्यात ठेवली आणि मुळं फुटल्यावर कुंडीत लावली. जेनेल नाशिकला सासरी गेली. वेल इथे खिडकीत वाढला.

मॉलीने कधी सरळ पाणी ओतलं नाही. मला भरून आणायची, बाजूला ठेवायची आणि आधी मातीत बोट घालायची, दुसऱ्या पेरापर्यंत. कोरडी लागली तर पाणी. ओली लागली तर म्हणायची, "ओली हाय, आज न्हाय." मग मी भरलेलाच परत स्वयंपाकघरात.

रविवारी चर्चमधून आली की ती ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची आणि उलटून मागची बाजू बघायची. एका एप्रिलमध्ये पानांवर बारीक फिकट ठिपके पडले. मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू होते. तिने रेमंडला हाक मारली. तो पेपर वाचत होता, नंतर बघतो म्हणाला.

"मासा घेताना कल्ला उघडून बघतोस, मग पान उलटून बघायला काय जातं तुझं?" ती म्हणाली.

तो हसला, पण उठला नाही. तिने एकटीनेच वेल नळाखाली धुतला, पानांना मागून साबणाचं पातळ पाणी लावलं आणि कुंडी इतर झाडांपासून लांब ठेवली. आठवड्याने पुन्हा तेच केलं. कीड गेली.

रेमंड वाईट माणूस नाही. पण त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. जेनेलचं डोकं दुखलं, पाणी पी. कुणाला चक्कर आली, पाणी पी. गेल्या वर्षी मॉलीला जिना चढताना दम लागायला लागला. संध्याकाळी पाय सुजायचे. तिने दोन-तीनदा सांगितलं. तो म्हणाला, पाणी पी आणि जरा पड. डॉक्टरकडे गेले तेव्हा हृदय फार थकलं होतं. ऑगस्टमध्ये ती गेली.

हॉलमध्ये येशूच्या तसबिरीखाली लाकडी फळी आहे, तिथे लाल बल्ब असतो. रेमंडने मॉलीचा फोटो त्या फळीवर ठेवला आणि खिडकीतला वेल उचलून फोटोशेजारी आणला. त्या कोपऱ्यात दिवसाचा उजेडही नीट पोचत नाही. रोज संध्याकाळी रोजरीची प्रार्थना झाली की तो मला काठोकाठ भरायचा आणि कुंडीत रिकामा करायचा. बोट कधी घातलं नाही. माती वाळणार कशी? खालच्या बशीत पाणी साचून राहायचं. खालची पानं पिवळी पडली. वेल तहानला असं त्याला वाटलं, म्हणून तो मला सकाळीही भरू लागला.

मातीला आंबट वास यायचा. मला कळत होतं. मी कितीदा ठरवलं, निदान टवक्यापाशी गळावं, थोडं पाणी तरी वाया जावं. गळलो नाही. तो तिरपा करायचा आणि मी ओतायचो.

फेब्रुवारीत मॉलीच्या सहा महिन्यांच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, जेनेल येणार होती. ती येईपर्यंत वेल जगायला हवा म्हणून रेमंडने शेजारच्या शैलाताईंना बोलावलं. मॉलीने दिलेली डहाळी त्यांच्या खिडकीत पडद्यासारखी वाढली आहे. त्यांनी बशी बघितली आणि विचारलं, कुंडीत भात लावायचा आहे का? मग मातीत बोट घातलं आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी वेल हळूच उपसला. मुळं काळी, मऊ झाली होती.

"रेमंडभाऊ, हा तहानलेला नव्हता. तुम्ही बुडवलात त्याला."

रेमंड मला हातात धरून खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मॉलीलापण मी पाणीच दिलं."

शैलाताईंनी कात्री मागितली. टोकाच्या तीन डहाळ्या अजून हिरव्या, ताठ होत्या. त्या कापून ताई बाटली शोधायला लागल्या, तेव्हा रेमंडने मला पुढे केलं.

जेनेल आली तेव्हा मी त्या डहाळ्या घेऊन खिडकीत उभा होतो. वेल कुठे गेला, तिने विचारलं. रेमंडने तिला वेलाचं सांगितलं. मग आईला दम लागायचा तेव्हा आपण काय म्हणालो तेही सांगितलं, जे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती माझ्यापाशी आली आणि एक पान उलटून बघू लागली. रेमंड उठून तिच्याशेजारी उभा राहिला.

डहाळ्यांना मुळं फुटली. नव्या कुंडीला तळाला भोकं आहेत, बशी रोज रिकामी होते, आणि कुंडी खिडकीत आहे. याने माझी चूक भरून निघाली असं मी म्हणत नाही. जुना वेल गेला तो गेलाच.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कोमेजलेलं दिसलं, तर हातात असेल ते लगेच ओतू नका. आधी बोट घालून बघा. पान उलटून बघा. कुणी "हे बघ" म्हणून हाक मारली, तर तेव्हाच उठा.

काल रेमंडने मला भरून आणलं. चष्मा लावला, पानं मागून बघितली, मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घातलं आणि थांबला.

"ओली हाय," तो फोटोकडे बघून म्हणाला. "आज न्हाय."

आणि मला त्याने भरलेलाच स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.