पप्पांच्या फिल्टरची कल्हई

पप्पांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि आई पुण्याला यायला तयार नव्हती. वर्षदिनाची प्रार्थना शनिवारी होती. मी आधीच्या रविवारीच नगरला आले. परत जाताना आईला घेऊन जायचं, एवढं एकच मनाशी ठरवून.

बॅगेत माझं कॉफीचं सामान होतं. हाताने फिरवायचा ग्राइंडर, अर्ध्या ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, बगळ्याच्या मानेसारख्या लांब नळीची किटली, चिनी मातीचा शंकू आणि त्यात बसणारे गाळण्याचे कागद. चार वर्षांत एकेक करून जमवलेलं. चांगली कॉफी कुठेही होऊ शकते, त्यासाठी हेच घर लागत नाही, हे आईला दाखवायचं होतं.

पप्पा रुग्णालयात लॅब टेक्निशियन होते. तरुणपणी दोन वर्षं मदुराईला शिकले, आणि परत येताना प्रमाणपत्राबरोबर एक पितळी फिल्टर घेऊन आले. एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्या भांड्याच्या बुडाला सुईच्या टोकाएवढी भोकं. त्यात कॉफीची पूड, पुडीवर एक पितळी तबकडी, तिच्यावर गरम पाणी. मग अर्धा तास खालच्या भांड्यात काळा अर्क थेंबाथेंबाने पडत राहायचा. आमच्या गल्लीत तेव्हा कॉफी म्हणजे आजारी माणसाला जायफळ घालून द्यायची वस्तू. आमच्या घरातून वास आला की शेजारच्या रतनबाई कुंपणावरून विचारायच्या, "कोन आजारी हाय का, दानीएलभाऊ?" चाळीस वर्षांत त्यांनी हा विनोद सोडला नाही, आणि पप्पांनी हसणं सोडलं नाही.

पप्पा साडेपाचला उठून पाणी ओतायचे. लहानपणापासून माझी सकाळ त्या थेंबांनीच व्हायची.

सोमवारी पहाटे मला थेंबांच्याच आवाजाने जाग आली.

आधी वाटलं नळ असेल, पण त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. आई शेजारच्या पलंगावर डोळे मिटून पडली होती.

"आले," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणजे काय, कृपा."

थोड्या वेळाने मी स्वयंपाकघरात गेले. फिल्टर त्याच्या जागी, वरच्या फळीवर होता. उघडून पाहिला. खालच्या भांड्यात चार बोटं पाणी होतं. नुसतं पाणी, किंचित कोमट. मी ते ओतून दिलं आणि भांडं पुसून परत फळीवर ठेवलं. माझ्याआधी उठून आईच पाणी ओतते आणि परत येऊन पडते, असं मी धरून चालले. दुःखात माणसं याहून विचित्र गोष्टी करतात. मी स्वतः आठ महिने पप्पांच्या नंबरावर रोजचं हवामान पाठवत होते.

नाश्त्याच्या वेळी मी माझं सामान मांडलं. वीस ग्रॅम पूड मोजली, कागद ओला केला, किटलीने गोल गोल पाणी सोडलं. हिवरे बाजारकडून येणारं दूध वेगळं तापवून दिलं, कारण आई काळी कॉफी पीत नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती.

"ही कॉफी आहे का लघवीची तपासणी?" ती म्हणाली. "थेट बापावर गेलीस."

"पिऊन बघ."

तिने दोन घोट घेतले. "चांगली आहे."

"मग?"

"चांगली आहे म्हटलं ना. फार लवकर झाली."

मग मी पुण्याचा विषय काढला. मार्चमध्ये तिचा खांदा मोडला होता. प्लास्टर निघालं, पण उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. रोज कोण करणार, रात्री पडलीस तर, वगैरे सगळं मी बोलले. आईने ऐकून घेतलं आणि कप विसळायला सरकवला.

"ते रोज येतात. मी घर बंद करून गेले तर कुठे येतील?"

मी कप विसळून पालथा घातला.

मंगळवारी दुपारी गल्लीत कल्हईवाल्याची हाक आली. हल्ली असा माणूस वर्षातून एकदाच दिसतो. मोपेडवर भाता, कोळसा आणि नवसागराची पिशवी लादून तो जामखेडकडून यायचा. वाल्मिक त्याचं नाव. शनिवारी पन्नास माणसं येणार होती आणि पितळेची पातेली आतून काळपट झाली होती. आई झोपली होती. मी पातेली काढून दिली, आणि त्यांच्याबरोबर फळीवरचा फिल्टरही. तोही चकचकीत दिसावा, एवढाच विचार.

वाल्मिकने वरचं भांडं उचलून उन्हात धरलं. "दानीएलभाऊ कुठं गेले?"

"वारले. वर्ष होईल आता."

त्याने भांड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "लई शांत मानूस. याच्यापाशी सोता बसायचे, उकिडवे. याला आतून पन करायची का, ताई?"

माझा फोन वाजत होता. ऑफिसचा होता. "सगळं करा," मी म्हणाले आणि आत गेले.

तासाभराने भांडी परत आली तेव्हा आतून चांदीसारखी होती. मी फिल्टर फळीवर ठेवला. नवसागराचा वास घरभर संध्याकाळपर्यंत राहिला.

बुधवारी सकाळी मला उजाडल्यावर जाग आली. आई पलंगावर बसून होती.

"आज आले नाहीत," ती म्हणाली.

गुरुवारीही काही ऐकू आलं नाही. मीही ऐकत होते, हे मला पावणेसहा वाजता कळलं. घर इतकं गप्प मी कधी अनुभवलं नव्हतं. पप्पा गेले त्या दिवशीही घरात माणसांचे आवाज होते.

आईने त्या दिवशी भाकरी अर्धी ठेवली. मग डाव्या हाताने कपाटातून स्वतःची बॅग ओढली.

"येते मी पुण्याला. शनिवारची प्रार्थना झाली की निघू."

"खरंच?"

"इथे आता कोण आहे?"

हेच ऐकायला मी आले होते. मला बरं वाटायला हवं होतं. मी तिच्या चार साड्या घड्या करून बॅगेत ठेवल्या, तिची औषधं वेगळ्या डबीत भरली. मग म्हटलं, फिल्टर बरोबर घेऊ, तेवढंच तिला घराचं काही. मी स्टुलावर चढले आणि तो उचलला.

जड लागला.

ओट्यावर ठेवून वरचं भांडं उघडलं. ते काठोकाठ पाण्याने भरलेलं होतं. खालचं भांडं कोरडं ठणठणीत. बुडाला पांढऱ्या कथलाचा एकसंध, गुळगुळीत थर होता. एकही भोक दिसत नव्हतं. पाण्यात बोट घातलं. कोमट होतं.

मी भांडं मोरीवर धरून उभी राहिले. नुसतं कलंडवायचं होतं. पाणी गेलं असतं, भांडं पुसून बॅगेत गेलं असतं, आणि रविवारी आई माझ्या घरी असती. जिने नाहीत, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. माझं काहीच चुकत नव्हतं.

आतल्या खोलीत आई बॅगेची चेन लावायला धडपडत होती. एका हाताने ती लागत नव्हती.

मी भांडं तसंच घेऊन तिच्यासमोर गेले.

"आई, हे पाणी तू ओतलंस ना?"

"मी कशाला ओतू?"

"रोज तूच ओततेस. मला माहीत आहे. मी काही म्हणत नाही त्याबद्दल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो खांद्यापाशी येऊन थांबला, जसा रोज थांबायचा. रविवारपासून तिची वेणी मीच घालत होते. फळी माझ्याही डोक्याच्या वर होती. हे सगळं मला दिसत होतं आणि चार दिवस मी ते पाहिलं नव्हतं.

आईने भांडं हातात घेतलं. पाण्यातून बूड पाहिलं.

"कल्हई केलीस?"

"हो."

"आतून?"

"मी सगळं करा म्हटलं त्याला."

ती रागावली नाही. पलंगाच्या कडेवर बसून भांडं मांडीवर धरून राहिली. "ते का बसायचे त्याच्यापाशी, माहीत आहे? कथील गरम असतानाच प्रत्येक भोकातून सुई फिरवायला लागते. नाहीतर बुजतात. माझ्या शिलाई मशीनची सुई घ्यायचे. चौदा नंबरची. दर नाताळाच्या आधी एक सुई जायची माझी." मग हलकेच म्हणाली, "दोन दिवस पाणी ओतून उभे असतील गं."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिच्या आवाजात मात्र नुसती काळजी होती, स्टेशनवर कुणाला ताटकळत ठेवल्यासारखी.

"उघडता येतील?" मी विचारलं.

"गॅस पेटव."

ते पाणी तिने मोरीत ओतू दिलं नाही. दारातल्या तुळशीशेजारच्या शेवंतीला घालायला लावलं. तुळस रतनबाईंनी लावलेली, शेवंती पप्पांनी. मग मी भांडं पकडीत धरून ज्योतीवर फिरवलं. आईने मशीनच्या डबीतून सुई काढून चिमट्यात बसवून दिली. कथील चमकून हलायला लागलं.

"आता. मधून सुरू कर, बाहेर ये. थांबू नकोस. फिरव, फिरव. टोचू नकोस नुसती, फिरव."

"तुला कसं माहीत?"

"चाळीस वर्षं पकड कुणी धरली? वाल्मिकवर त्यांचा विश्वास नव्हता. घरी आणून परत करायचे."

सुई दोनदा सुटली, एकदा बोट भाजलं. भोकं किती होती ते मला कधीच माहीत नव्हतं. भांडं उजेडात धरलं तेव्हा बुडातून प्रकाशाचे बारीक ठिपके दिसले. आईने ते बराच वेळ पाहिले. मी फिल्टर परत फळीवर, नेमका त्याच्या गोल डागावर ठेवला. तिच्या साड्या बॅगेतून काढून कपाटात लावल्या. तिने औषधांची डबी परत उशाशी ठेवली.

त्या रात्री मी दोन्ही पलंग जवळ ओढले. झोपताना तिचा डावा हात माझ्या हातात घेतला आणि माझ्या ओढणीचं एक टोक दोन्ही मनगटांभोवती गुंडाळलं. ती हसली. "पळून जाणार नाही मी."

जाग आली तेव्हा खिडकीत करडा उजेड होता. ओढणी जशीच्या तशी होती. आईचा हात माझ्या हातात होता, कोमट, आणि तिची बोटं जागी होती.

स्वयंपाकघरात थेंब पडला. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने दुसरा पडला.

"सावकाश पडतंय," आई पुटपुटली.

"काही भोकं राहिली असतील माझ्याकडून."

"असू दे. त्यांना घाई नसते."

मी उठून बघायला गेले नाही. तिसरा थेंब पडेपर्यंत तिचा हात धरून तशीच पडून राहिले, मग चौथा.