छगनबाबांची डीएनए-शुद्धी

काष्टीच्या बाजाराच्या दिवशी आधी बैलांभोवती गर्दी व्हायची, आता छगनबाबांभोवती होऊ लागली. मंगल कार्यालयाच्या दारावर केवढा तरी फ्लेक्स झळकत होता : ‘डीएनए-शुद्धी दरबार. सात पिढ्यांचे वेड, विसरभोळेपणा, घराण्याचा दोष मुळासकट साफ.’ आत बाबा सिंहासनावर बसलेले. अंगात भगवी कफनी, वरून डॉक्टरचा पांढरा कोट. कोटाच्या खिशाला दोन पेनं, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि स्टेथोस्कोप. देव आणि दवाखाना दोन्ही एकाच देहात, म्हणजे भक्ताची निवडानिवड वाचली. बायका रांगेनं येऊन बाबांचे पाय धूत आणि त्यांवर हळद माखत.

“डीएनए म्हंजी काय?” बाबा माईकवर गरजले. “डी म्हंजी दैव, एन म्हंजी नशीब, ए म्हंजी आत्मा! शास्त्रज्ञांना आत्ता कळलं, आपल्या ऋषींना कवाच ठावं हुतं. तुमच्या जीन्समंदी जिन बसलाय. त्यो आमी भायेर काढतो!”

टाळ्या कडाडल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या निकितानं मात्र टाळी वाजवली नाही. ती गावच्या दूध केंद्रावर दुधाची तपासणी करायची. शेजारी तिचे आईवडील, चांगुणा आणि भागवत, आणि मधोमध थोरला भाऊ समर्थ. डिप्लोमा करून नगरच्या कारखान्यात चांगला लागलेला हा मुलगा वर्षापूर्वी कुणाशी तरी एकटाच भांडू लागला. त्याला आवाज ऐकू यायचे. सांगितलेलं काम अर्ध्यात विसरायचा. नगरला डॉक्टर प्रज्ञाताईंनी स्किझोफ्रेनिया असं निदान केलं आणि गोळ्यांनी तो बराच सावरलाही होता. पण गावाला गोळ्या दिसत नव्हत्या, चुलता दिसत होता. कानिफनाथ नावाचा हा चुलता पूर्वी असाच बडबडत घराबाहेर पडला होता आणि परत आलाच नव्हता.

म्हणून शेवगावच्या रतनबाईंनी अट घातली होती. त्यांच्या सुनीलशी निकिताचं लग्न ठरलं होतं. पण आधी पोरीचा डीएनए बाबांकडून तपासून घ्या, मगच तारीख. त्या स्वतः मुलाला घेऊन हजर होत्या.

बाबांसमोर ताम्हणात पिवळंधमक तीर्थ होतं. शिष्याजवळ दोन झाऱ्या. प्रत्येकाच्या ओंजळीत तो झारीनं गंगाजल घालायचा आणि मग ज्याचा त्यानं हात ताम्हणात बुडवायचा. भागवतांनी हात बुडवला, तीर्थ पिवळंच. चांगुणाचाही हात निर्मळ. समर्थनं हात घातला आणि ताम्हण रक्तासारखं लाल झालं. ताम्हण बदललं. निकितानं हात घातला. तेही लाल.

“जिन हाय!” बाबा किंचाळले. “पोरगीत बी उतरलाय!”

रतनबाईंनी पदर तोंडाला लावला. बाबांनी ताम्हणात लिंबू पिळलं, लाल रंग हळूहळू पिवळा झाला. “तात्पुरता दाबलाय. अनुष्ठान करा. आन् त्या गोळ्या बंद! केमिकलनं जीन्स बिथरत्यात.”

निकितानं ओले हात ओढणीला पुसले.

गोळ्या बंद झाल्या आणि समर्थ पुन्हा भिंतींशी बोलू लागला. एके दिवशी टीव्हीतला माणूस आपल्याला शिव्या देतो म्हणून त्यानं टीव्ही अंगणात आपटला. “जिन निघताना तरास देतोच,” असा निरोप दरबारातून आला. म्हणजे रोगी बरा झाला तर बाबांची किमया, बिघडला तर जिनाची खोडी! बाबांचं दुकान दोन्हीकडून चालू.

निकिताचं वेगळंच झालं. दूध केंद्रावर मशीनच्या घरघरीत कुणी हाक मारल्यासारखं वाटलं की ती मशीन बंद करून कान देऊन ऐकायची. चावी कुठं ठेवली ते आठवलं नाही तरी वाटायचं, झालं, सुरू झालं.

एका सकाळी चांगुणा कपडे धूत होती. दरबारात हात पुसलेल्या निकिताच्या ओढणीवरच्या पिवळ्या डागाला तिनं साबण लावला आणि डाग लालभडक झाला. निकिता ओरडलीच, “आई, रक्त!”

“अगं, रक्त कसलं? हळदीचा डाग हाय. साबण लागला की लाल व्हतोच. सैपाकाचं लुगडं कधी धुतलंस का तू?”

निकिताला शिष्याची झारी आठवली. त्यातही असंच काही असेल का? ती स्वयंपाकघरात गेली. वाटीत हळदीचं पाणी केलं. बापाच्या पानाच्या चंचीतला चुना पाण्यात कालवला, वरची निवळी घेतली आणि दोन थेंब टाकले. लाल! लिंबू पिळलं. पिवळं! तिला हसू आलं आणि त्यातच रडूही.

त्याच दिवशी ती समर्थला घेऊन एसटीनं नगरला गेली. डॉक्टर प्रज्ञांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, आधी रागावल्या आणि मग समजावलं. समर्थला बाहेर बसवून निकितानं विचारलं, “मॅडम, बाबा खोटा आहे हे कळलं. पण आजार रक्तातून येतो हे तरी खरं का?”

“काही अंशी खरं आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “खोटं सांगून तुला धीर देणार नाही. पण याचं एकच जनुक नसतं. शेकडो असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. शिवाय जन्माच्या वेळचा त्रास, नशा, ताण हेही असतं. अगदी एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तरी दुसऱ्याला होतोच असं नाही. आणि आजाऱ्याच्या सख्ख्या भावंडांतल्या दहापैकी साधारण नऊ जणांना तो कधीच होत नाही.”

“आणि तो विसरतो ते?”

“तेही आजाराचंच. आळस नव्हे. त्याच्यावर ओरडू नका, एका वेळी एकच काम सांगा.”

पुढच्या बाजारी निकिता पुन्हा दरबारात गेली. रतनबाई आणि सुनीलला तिनंच फोन करून बोलावलं होतं.

“बाबा, माझी तपासणी पुन्हा करा,” ती म्हणाली. “दुधाची शंका आली तर आम्ही नमुना पुन्हा घेतो.”

“शंका तू न्हाई, तुझ्यातला जिन घेतोय!” बाबा हसले. शिष्यानं मागच्या वेळच्याच झारीतलं गंगाजल तिच्या ओंजळीत ओतलं. ताम्हण पुढं आलं. पण निकिता ताम्हणाकडं गेलीच नाही. ती वाकली आणि भरल्या ओंजळीनं तिनं बाबांचे हळद माखलेले पाय चोळले.

पाय लालभडक झाले.

मग मागून एक म्हातारा ओरडला, “आरं, जिन तर बाबाच्या पायात हाय!” आणि मंडप हसून फुटला.

निकितानं दोन्ही झाऱ्या उचलल्या. एक ताम्हणात ओतली, तीर्थ पिवळंच. दुसरी ओतली, लाल! “ही चुन्याची निवळी आहे. ज्याला दोषी ठरवायचं, त्याला ही झारी. बाकीच्यांना साधं पाणी. घरात कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलंय हे शिष्य बाहेर चहाच्या टपरीवर विचारून येतो, टपरीवाल्यानंच मला सांगितलं. हळदीत चुना घालून कुंकू करतात, ठाऊक आहे ना? तेच हे!”

बाबांनी तडक डोळे मिटून समाधी लावली. निकितानं आधीच बोलावलेल्या पोलिसांची गाडी दारात येताच समाधी उतरली. स्टेथोस्कोप सिंहासनावरच राहिला.

गर्दी पांगण्याआधी निकितानं माईक घेतला. “माझ्या भावाला आजार आहे. मला होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, तरी दहांत एकच. हे मी लपवणार नाही. सुनील, तुम्ही विचार करून सांगा, घाई नाही.”

सुनील उठून पुढं आला. “समर्थच्या पुढच्या तारखेला मी येतो बरोबर,” एवढंच म्हणाला. रतनबाई मात्र गर्दी पांगेपर्यंत थांबल्या. मग त्या निकिताजवळ आल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, “पोरी, त्या डाक्टरीनबाईचा नंबर देती का? माझा भाऊ लई वर्षं झाली कोंडून ठिवलाय. लोकांना आमी, त्यो मुंबईला हाय म्हून सांगतो.”

अशी कोंडलेली माणसं किती घरांत असतील, देव जाणे. खरं तर देवानं नव्हे, आपणच जाणून घ्यायला हवं. आजार रक्तातून येऊ शकतो, पाप येत नाही. नात्यात कुणी आजारी असेल तर डॉक्टरला सांगा, तांत्रिकाला नको. गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. आणि उद्या कुणी तुमच्या घराण्याचा दोष ताम्हणात दाखवू लागला, तर घाबरण्याआधी फक्त एवढं विचारा : झारीत काय आहे?